उतार डोंगराकडेच आहे

२ एप्रिल, सकाळी सहा

आजपासून रोजनिशी लिहिणार. पुढे कुणी विचारलं की एवढं सगळं कसं जमवलंस, तर तारीखवार सांगता आलं पाहिजे. वही ताईने दिली. शाळा सातवीत सुटली म्हणून काय झालं. शाळा सुटली, डोकं शाबूत आहे.

नोकरीचा तिसरा दिवस. गोल्फचं मैदान. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली तळं, मधल्या उतारावर गवत भादरून त्यात नऊ भोकं पाडलीत. लोक पांढरा चेंडू काठीने हाणत पहिल्या भोकापासून नवव्यापर्यंत जातात. चालायचंच आहे तर चेंडू कशाला, आणि चेंडूच मारायचाय तर एवढं चालायचं कशाला, हे कुणी सांगत नाही. पिशवी मात्र मी उचलायची. पिशवीत चौदा काठ्या. चुकायला माणशी चौदा सवलती.

कामाचं नाव कॅडी. ताईला फोनवर सल्लागार असं सांगितलं. खोटं नाही. चेंडू कुठल्या दिशेला धरून मारायचा हे साहेबाला सांगणं कॅडीचंच काम. पिशवी हे नुसतं वरचं काम.

अजून परमनंट नाही. सीझन ३० जूनला संपतो. त्या दिवशी एक जण परमनंट होणार. निळं जाकीट, पाठीवर नंबर, स्वतंत्र खोली. उमेदवार दोन. मी आणि माझ्या खोलीतला लांब्या. लांब्या दिवसाला वीस शब्द बोलतो. म्हणजे उमेदवार एकच.

नाही झालो तर दाजींचं सायकलचं दुकान. दाजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, हा कुठे टिकायचा नाही, माझ्याकडे पंक्चर काढू दे. ताई मध्ये पडली. म्हणाली, तीन महिने द्या त्याला. नाही जमलं तर मी स्वतः हाताला धरून आणून बसवीन दुकानात, आणि पुन्हा माहेरच्या कुणासाठी तुमच्यापुढे तोंड उघडणार नाही. लग्नाच्या बारा वर्षांत ताई असं कधी बोलली नव्हती. दाजी म्हणाले, शब्द दिलास, लक्षात ठेव.

तेव्हा जमवायचंच. अवघड काही नाही.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज दहा इंग्रजी शब्द पाठ. साहेब लोकांबद्दल मनात काहीही आलं तरी चेहऱ्यावर येऊ न देणे.

४ एप्रिल

सहा चाळीसला उठलो. लांब्याचा गजर पाचला वाजतो, पण तो पहिल्या टणटणीलाच बंद करतो. दुसऱ्याचा विचार नाही.

आज मुकादमाने नवव्या ग्रीनवर नेलं. मुकादम म्हणजे सगळ्या कॅडींचा म्हातारा. चाळीस वर्षं इथेच. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत चकती. तिथे चेंडू उडवायचा नाही, हलकेच लोटायचा. भोक रोज नव्या जागी पाडतात, त्यामुळे काल काय झालं ते आज उपयोगाचं नाही. नववं ग्रीन शेवटचं, व्हरांड्याच्या अगदी समोर. चुकलं की चहा पिणारे सगळे बघतात.

मुकादम म्हणाला, सांग, इथे चेंडू ठेवला तर कुठे जाईल. मी एक डोळा मिटून पाहिलं. आंधळ्याला दिसेल इतका साफ उतार. डोंगराकडे. म्हातारा हसला. म्हणाला, सगळ्यांना तसंच दिसतं. भोवतालचा डोंगर खूप उतरता, त्यात हा तुकडा कमी उतरता, म्हणून डोळ्याला तो उलटा वाटतो. डोळा डोंगराकडे ओढतो, चेंडू तळ्याकडे जातो. चेंडू ठेवून दाखवू का म्हणाला. मी म्हटलं कशाला, समजलं.

म्हाताऱ्याला मोतीबिंदू असणार. चाळीस वर्षं एका जागी राहिलं की माणसाचं असं होतं.

७ एप्रिल

पहिला साहेब. टोपीवाला. टोपी, टोपीवर गॉगल, हातात एकच मोजा. दुसरा हरवला असेल म्हणून मी पिशवीत शोधत बसलो, तर म्हणे एकच असतो. बरं.

पहिल्या भोकापाशी त्याने चेंडूऐवजी ताटाएवढं ढेकूळ उडवलं. दुसऱ्याला चेंडू झाडीत. तिसऱ्याला झाडी चेंडूत. मी एक शब्द बोललो नाही. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. टोपीवाला म्हणाला, हसतोस काय.

नवव्यावर मात्र मी माझं काम केलं. म्हटलं, साहेब, उतार डोंगराकडे आहे, तळ्याकडे धरून मारा, चेंडू आपसूक डोंगराकडे वळून भोकात येईल. त्याने मारला. चेंडू तळ्याकडे गेला तो गेलाच, ग्रीनच्या बाहेर. टोपीवाल्याने चेंडूकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, ग्रीन फसवं आहे.

नाचता येईना, अंगण वाकडं. मनगटात दम नाही हे कबूल करायला टोपी उतरवावी लागते.

खेळ संपला की प्रत्येक साहेब व्हरांड्यात बसून एक कार्ड भरतो. मैदान कसं वाटलं, दृश्य कसं वाटलं, कॅडी कसा वाटला. कार्ड पेटीत. पेटीची किल्ली सेक्रेटरी मॅडमकडे. ३० जूनला पेटी उघडणार, आणि त्यावरच परमनंट ठरणार. टोपीवाल्याने पुष्कळ लिहिलं. दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तारीफ लिहिताना माणूस असाच वळून पाहतो.

१४ एप्रिल

इंग्रजी शब्द: ब्यूटिफुल. वंडरफुल. ब्रेथटेकिंग. पुस्तक लागलं नाही, व्हरांड्यात उभं राहिलं की कानावर पडतात. तीनच पाठ झाले, कारण हे लोक तीनच बोलतात.

दृश्य, दृश्य, दृश्य. डोंगरावर ऊन पडलं की फोटो. ऊन गेलं की फोटो. एक जण तळ्याकडे बघून म्हणाला, इथे आलं की माणूस लहान वाटतो. मग घरूनच निघू नये. आमच्या घरामागेही डोंगर होता. त्याच्यावर बकऱ्या चरायच्या. त्याच्यासाठी कुणी कार्ड भरलं नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली, लिहून ठेवतो. जिंकणाऱ्याने अजून एकदाही वर पाहिलेलं नाही. तो आकडे बघत असतो. हरणाऱ्याला डोंगर लगेच दिसतो. नवव्यावर चुकला की मान वर, आणि म्हणतो, पण काय दृश्य आहे. दृश्य म्हणजे हरलेल्यांची पंगत.

१९ एप्रिल

दोन साहेब, नात्याने एकमेकांचे साडू. सकाळी गळ्यात गळे. पाचव्या भोकापर्यंत एकमेकांच्या प्रत्येक फटक्याला वाहवा, मनातून बोटं मोडत. नवव्यावर दोघं बरोबरीत. थोरल्याने मला विचारलं. सांगितलं, तळ्याकडे धरा. गेला बाहेर. धाकटा म्हणाला, मला पण सांग. मी भेदभाव करत नाही. त्यालाही तेच सांगितलं. तोही बाहेर, पहिल्यापेक्षा लांब.

थोरला म्हणाला, पोरग्याला तू फितवलंस. धाकटा म्हणाला, मग मी कसा चुकलो. थोरला म्हणाला, तू पहिल्यापासून चुकतोस, लग्नाच्या वेळी सासऱ्यांना मी सांगत होतो. वेगवेगळ्या गाड्यांतून गेले. कार्डं मात्र दोघांनी भरली, आणि भरताना दोघं बोटाने मलाच दाखवत होते. भांडणात सुद्धा एका गोष्टीवर एकमत झालं म्हणायचं.

लांब्याला कुणी काही विचारत नाही. तो नुसता भोकापलीकडच्या एका जागेवर बोट ठेवतो आणि साहेब तिथे मारतात. ह्याला काय सल्ला म्हणतात? गुरं वळतात तसं.

२५ एप्रिल

आज स्वतः खेळून पाहिलं. सल्लागाराला खेळ यायला हवा. साहेबांच्या टाकून दिलेल्या काठीने स्टोअररूमच्या मागे एकच फटका. काच फुटली. खिडकी चुकीच्या जागी बांधली आहे. मुकादमाला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, झाडू आण.

पाचला उठण्याचा संकल्प पुढच्या महिन्यापासून. महिन्याच्या मध्येच सुरू केलं की टिकत नाही.

२ मे

आज जज्जसाहेब. रिटायर झालेले, पंचाहत्तरी पार. दर आठवड्याला येतात. खेळ हळू. प्रत्येक फटक्याआधी निकाल राखून ठेवल्यासारखे थांबतात. बाकी साहेबांपेक्षा बरे, म्हणजे घाण खेळतात पण शिव्या देत नाहीत.

नवव्यावर सांगितलं, तळ्याकडे धरा. चुकले. कार्ड भरलं. जाताना विचारलं, तुला खरंच उतार डोंगराकडे दिसतो का? म्हटलं, साहेब, लख्ख. म्हणाले, आणि आठव्यावर? आठव्यावर काय दिसलं तेही सांगितलं. मान हलवत गेले. एवढ्या बारकाईने मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

९ मे

जज्जसाहेबांनी आज मुद्दाम मलाच बोलावलं. लांब्या मोकळा उभा होता तरी.

जज्जसाहेबांना ऐकायला कमी येतं. मी म्हटलं तळ्याकडे धरा, त्यांनी डोंगराकडे धरलं. आणि चेंडू गेला भोकात. नशीब. आठव्यावरही तसंच, सातव्यावरही. मी डावीकडे म्हणावं, त्यांनी उजवीकडे मारावं, आणि चेंडूने बिळात उंदीर शिरावा तसं शिरावं. मनगटाचा वाक आणि कानाचा दोष मिळून हिशेब बरोबर होत असणार. मी बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाला बहिरा म्हणू नये.

व्हरांड्यात मित्रांना म्हणाले, असा कॅडी मी पाहिला नाही. पुढे म्हणाले, कायम खोटं सांगणारा साक्षीदार कायम खरं सांगणाऱ्याइतकाच उपयोगी असतो, कोर्टाला त्रास होतो तो मधल्यांचा. सगळे हसले. कोर्टातला काही जुना किस्सा असेल. मोठी माणसं तारीफ करता करता विषय कुठेही नेतात.

१६ मे

बातमी पसरली. आज तिघांनी मला मागितलं. टोपीवाल्यानेसुद्धा, जो सात एप्रिलपासून माझ्याकडे बघून पलीकडच्या वाटेने जायचा.

साहेब लोकांच्यात बहिरेपणाची साथ आहे असं दिसतं. सांगतो एक, मारतात भलतंच. पण चेंडू जातायत आणि नाव माझं होतंय, तर मी कशाला आवाज चढवू? टोपीवाल्याने हातात हात घेतला. म्हणाला, तू आहेस तसाच राहा, बदलू नकोस. त्याचा मोजा घामाने ओला होता. तरी बरं वाटलं.

लांब्या आज दिवसभर रिकामा. खोलीवर त्याने मला सांगितलं, मुकादमाने शिकवलेलं एकदा करून बघ, चेंडू ठेवून बघ. एका दमात एवढे शब्द. जळतो आहे.

२३ मे

ताईचा फोन. म्हटलं, इथे लोक माझ्यासाठी रांग लावतात. ती म्हणाली, अरे येड्या, खरं सांगतोस ना? म्हटलं, रिटायर जज्ज म्हणतो असा माणूस पाहिला नाही. तिकडे पंप मारल्याचा आवाज येत होता. ताईने फोन दाजींच्या कानाला लावला. दाजी म्हणाले, काय सल्लागार, मान मोडली की नाही पिशवीने? मी म्हटलं, दाजी, पिशवी हे वरचं काम आहे. दाजींनी फोन परत ताईकडे दिला. चिमटा न काढता फोन देण्याची दाजींची ही पहिलीच वेळ.

मग ताई हळूच म्हणाली, आता हे तुझं नाव गिऱ्हाइकांना सांगतात. कालच एकाला म्हणत होते, आमचे मेव्हणे मोठ्या लोकांना दिशा दाखवतात. तिचा आवाज भरून आला होता. लाइन खराब असेल.

६ जून

बागेतल्या बाकावर दातांचा डॉक्टर भेटला. इथला सगळ्यांत पट्टीचा खेळाडू, म्हणजे उकिरड्यावरचा सगळ्यांत स्वच्छ कोंबडा. तो मात्र मला घेत नाही, लांब्याला घेतो. म्हणाला, मला सरळ उत्तराची सवय आहे, उलटी बेरीज जमत नाही. दात उपटून उपटून डोक्यावर परिणाम होतो.

३० तारखेला कप आहे. सीझनचा शेवटचा सामना. डॉक्टर आणि जज्जसाहेब फायनलला येणार असं सगळे म्हणतात. जज्जसाहेब वीस वर्षं खेळतायत, कप एकदाही नाही. म्हणाले, यंदा तू आहेस.

१२ जून

शिंपी आला होता. मुकादमाने जाकिटासाठी माझं माप घ्यायला लावलं. छाती, खांदा, बाही. लांब्याचं घेतलं नाही. शिंप्याला म्हटलं, खांद्यात थोडी जागा ठेवा, पुढे जबाबदारी वाढणार आहे.

मुकादम बाजूला घेऊन म्हणाला, पोरा, खरं तर हे मला पटत नाही, पण साहेब खूश आहेत, कार्डं तुझ्या नावाने भरली जातायत, मी काय करू? मी त्याची समजूत घातली. म्हटलं, काका, नव्या पिढीला जागा द्यावीच लागते.

ताईला फोन. ती आणि दाजी ३० तारखेला येणार. दाजी दुकान बंद ठेवणार. बारा वर्षांत दाजींनी दुकान दोनदा बंद ठेवलं, दोन्ही वेळा कुणीतरी गेलं होतं.

२७ जून, दुपार

नवव्या ग्रीनवर माळी पाण्याचा पाइप सोडून जेवायला गेला. मी सावलीत बसलो होतो. पाणी निघालं ते तळ्याकडे.

पाण्याला काय कळतं.

जवळ जाऊन पाहिलं. पाणी तळ्याकडे. खिशातला चेंडू ठेवला. तो जरा थांबला, विचार केल्यासारखा, आणि तळ्याकडे निघाला. चेंडू खराब असणार. दुसरा ठेवला. तळ्याकडे. भोकाच्या वरून, खालून, बाजूने ठेवले. सगळे तळ्याकडे. एक डोळा मिटून पाहिलं तर उतार अजून डोंगराकडेच दिसतो. लख्ख. आणि चेंडू चाललाय चढावर, बापाच्या घरी चालल्यासारखा.

माळी आला. म्हणाला, काय करतोस. म्हटलं, पाइप बंद कर.

२८ जून

काल जेवण गेलं नाही. टोपीवाला. साडू. सगळ्यांना तळ्याकडे धरा म्हणून सांगितलं. म्हणजे तेव्हा माझी थोडी चूक होती. पण मग जज्जसाहेबांचे चेंडू भोकात कसे गेले? नशीब, कान, मनगट, पुन्हा नशीब. डोकं दुखलं.

शेवटी ठरवलं. झालं ते झालं. जज्जसाहेबांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला, ताईने शब्द टाकला. परवा फायनलला सांगायचं ते खरं सांगायचं. चुकीचा सल्ला देऊन एवढं नाव झालं, तर बरोबर देऊन काय होईल.

संकल्प: मोठ्याने बोलणे. साहेबांना ऐकू येत नाही.

पाचला उठलो. पहिल्यांदाच. झोपच नव्हती.

३० जून, संध्याकाळ

सगळं जसं झालं तसं लिहितो.

ताई आणि दाजी सकाळच्या गाडीने आले. ताईने ठेवणीतली साडी नेसलेली. दाजींनी इस्त्रीचा शर्ट, पण नखांत ग्रीस. व्हरांड्याच्या कठड्याशी उभे राहिले. खुर्च्या होत्या, पण दाजी म्हणाले, उभं राहून नीट दिसतं. ताईने तळ्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडेच बघत होती.

फायनल. जज्जसाहेबांकडे मी, डॉक्टरकडे लांब्या. आठ भोकं झाली, बरोबरी. जज्जसाहेब मला विचारत होते आणि बहिरेपणाने उलट मारत होते, आणि मीही तिथे जुनंच सांगत होतो, कारण पाणी मी फक्त नवव्यावर पाहिलं होतं. नववं ग्रीन. डॉक्टरने लोटला. भोकाच्या काठावर थांबला. आत जायला त्याला अजून एक फटका लागणार. जज्जसाहेबांनी आत्ता घातला तर कप त्यांचा. अंतर तीन पावलं. व्हरांड्यात चमचा ढवळल्याचाही आवाज नाही.

जज्जसाहेबांनी विचारलं, बोल बाबा, काय दिसतं? मी छाती भरून घेतली आणि तळ्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, साहेब, तळ्याकडे वळणार, डोंगराकडे धरा.

जज्जसाहेब जरा चमकले. म्हणाले, नक्की? म्हटलं, साहेब, आईशपथ. डोंगराकडे. दोनदा सांगितलं.

ते हसले, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि शांतपणे तळ्याकडे धरून मारला.

चेंडू गेला. तळ्याकडे. ग्रीन सोडून, गवत सोडून, उतारावरून टप्पे खात. बराच वेळ दिसत होता. मग डॉक्टरने आपला टुकटुक आत घातला, कप त्याचा.

कुणी टाळ्या वाजवेना. जज्जसाहेब माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. म्हणाले, आजवर तू चुकीचं सांगत होतास, बरोबर? म्हटलं, हो साहेब, आज पहिल्यांदा खरं सांगितलं. म्हणाले, मला आधी कळवायला हवं होतंस. मी तुझ्या उलट मारत होतो रे. सगळेच मारत होते. आज तू मधला साक्षीदार झालास.

म्हणजे ऐकू येत होतं. सगळ्यांना. सगळं.

मग मॅडमने पेटी उघडली. कार्डं वाचली. दृश्य ब्यूटिफुल, दृश्य ब्यूटिफुल, आणि खाली कॅडीच्या रकान्यात: हा जे सांगेल त्याच्या उलट मारा. अचूक चुकतो. ह्याला कधी सोडू नका. एप्रिलची कार्डं वेगळी होती, ती मॅडमने मनात वाचली. मे-जूनची एकेचाळीस, सगळी माझ्या बाजूने. जाकीट घडी घालून टेबलावर होतं, माझ्या मापाचं. मॅडमने मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, चुकत होता म्हणून धंदा चालला होता. आता कळलं त्याला. बरोबर सांगणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.

मी म्हटलं, मी पुन्हा चुकीचं सांगायला लागतो. टोपीवाला म्हणाला, आता कसं, तू मुद्दाम चुकलास की खरंच चुकलास, हे आम्ही कसं ओळखायचं?

जाकीट लांब्याला. बाह्या कोपराच्या जरा खालीच संपल्या. माझ्यापाशी येऊन म्हणाला, मी सांगितलं होतं. आज त्याचे विसातले तीन शब्द त्यात गेले.

दाजी गाडीचं विचारून आले, आता उद्या सकाळी दहाची. मला वाटलं होतं टोमणा मारतील, मी उत्तर तयार ठेवलं होतं. ताईने माझी ट्रंक एका बाजूने उचलली. तिने पदराने डोळे पुसले नाहीत. नुसती म्हणाली, चल.

१ जुलै, सकाळ

गाडी दहाला. मुकादमाने निघताना एक कार्ड हातात दिलं. म्हणाला, जाणारा प्रत्येक जण भरतो, तूही भर. बाकावर बसलो. समोर वर डोंगर, खाली तळं. तीन महिने इथे होतो, नीट पाहिलं नव्हतं. पाण्यावर ढगाची सावली सरकत होती, डोंगराकडून तळ्याच्या पलीकडे, अगदी हळू.

मैदान: बरं. दृश्य: चांगलं आहे. कॅडी: हे रिकामं सोडलं.

१० जुलै

दाजींचं दुकान. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. संकल्प काही नाहीत.

ताई अकराला चहा आणते, ठेवते, जाते. दाजी मला काही बोलले तर ती पूर्वी दारातून ओरडायची, आता ओरडत नाही. शब्द पाळते. दाजींनाच ते बरं वाटत नाही असं दिसतं. काल म्हणाले, अगं, काहीतरी बोल की.

आज एक ट्यूब आली. हवा जात होती, भोक सापडत नव्हतं. दाजींनी मला विचारलं, कुठे असेल. मी एक डोळा मिटून पाहिलं. म्हटलं, वॉल्व्हपाशी, नक्की. दाजींनी मान डोलावली, ट्यूब फिरवली, आणि वॉल्व्हच्या बरोबर समोरचं टोक पहिल्यांदा पाण्यात बुडवलं.

बुडबुडे तिथेच आले.

दाजी म्हणाले, नाहीतर सगळी ट्यूब बुडवत बसावं लागतं. पुढची ट्यूब माझ्यासमोर धरली. म्हणाले, सांगा, सल्लागार.